चारचौघांत सांगण्याजोगा आजार

माझा थोरला भाऊ आमच्या शहरातल्या द्वारका चौकाजवळ ट्रकच्या गॅरेजात काम करायचा. त्याला एचआयव्ही निघाला आणि तो आता मरणार, हे नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं. काकूनं तर आमच्या घरचं पाणीही सोडलं. पण काही वर्षांनी सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायला लागल्या आणि तो जगला. उलट त्याचं पोट सुटलं. आई हरखली. "अंगी लागतंय," म्हणत भाकरीवर जास्तीचं तूप घालायची. त्याचे गाल बसले होते, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. ते तिला बघायचंच नव्हतं.

मग जिना चढताना त्याला धाप लागायला लागली, छातीत दाटून यायचं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलो, की ते जुने कागद चाळायचे आणि म्हणायचे, "या आजारात अशक्तपणा असतोच." छाती तपासायला कुणी हात लावला नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी हृदयाची सोनोग्राफी करायला लावली.

"हृदयाभोवती चरबी साठलीय," त्या म्हणाल्या. "हा आजार आणि काही गोळ्या, दोन्हींमुळे असं होतं. हातपाय वाळतात, चरबी पोटात आणि हृदयापाशी जमते. हृदयाला धोका आहे. गोळ्या बंद करू नका, आपण बदलून बघू."

मला रडू आलं. भाऊ मात्र खुलला.

"म्हणजे मला हार्टचा त्रास आहे?"

"हो."

बाहेर आल्यावर त्यानं आधी रिक्षावाल्याला सांगितलं, मग सगळ्या गल्लीला. आठवड्याभरात काकू मोसंबी घेऊन आली. त्याच्या खाटेवर टेकली, मी केलेला चहा प्यायली आणि म्हणाली, "जप रे बाबा. हार्टचं हल्ली कुणालाही होतं, त्यात लाजायचं काय?" भाऊ समाधानानं मान हलवत होता. मला तिच्या हातातला कप हिसकावून घ्यावासा वाटला. पण त्याच्या तोंडाकडे बघून मी तो पुन्हा भरला.

पुढच्या उन्हाळ्यात तो गॅरेजातच कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

अमरधाम स्मशानात बरीच माणसं जमली. घरी बायकांत काकूनं आईचा हात धरला. "रडू नका वहिनी. निदान हार्टनं तरी गेला."

"हो ना," आई म्हणाली. तिच्या आवाजात सुटका होती. काकूचं मी विसरून गेले असते. आईला मात्र अजून माफ करता आलेलं नाही.