बुधवारच्या नर्सबाई

माझ्या डाव्या पायातून निघालेला नारू सोळा हात लांब होता. ऐकणारे म्हणतात, नारू असतो हातभर, फार तर दोन हात. असेल त्यांचा. माझा सोळा हात होता, आणि तो एवढा का वाढला तेही मला माहीत आहे.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. रॉकेल मिळत नव्हतं, साखर मिळत नव्हती. नारू मात्र आमच्या गावात घरटी दोन-तीन मिळायचे, तेही परमिटाशिवाय. जामखेडच्या बाजूचं कोरडं गाव, प्यायला एकच बारव. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. त्या पाण्याबरोबर बारीक किडा पोटात जायचा. वर्षाने पायाला फोड यायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा नारू डोकं बाहेर काढायचा. आग अशी व्हायची, की माणूस लंगडत जाऊन त्याच बारवेत पाय बुडवायचा. की झालं, पुढच्या वर्षाची पेरणी!

मी विशीतला, तालमीतला गडी. पंचक्रोशीत मला चीत करणारा जन्मला नव्हता. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगत असे. अशा मला दोऱ्याएवढ्या जनावराने खाटेवर पाडलं.

दर बुधवारी मिशनच्या दवाखान्यातून छकड्यात बसून एक नर्सबाई यायच्या. पांढरं पातळ, कॅनव्हासचे बूट, मांडीवर औषधांची पेटी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. त्यांनी नारूचं डोकं कडुनिंबाच्या काडीला अलगद गुंडाळलं. भर वैशाखात त्यांची बोटं माठाच्या पाण्यासारखी गार होती.

"रोज एक वेढा द्यायचा," त्या म्हणाल्या. "जोरात ओढलंत तर तुटेल आणि पायाचा भोपळा होईल. आणि पाय पाण्यात घालायचा नाही."

पुढच्या बुधवारी त्यांनी काडी निरखून पाहिली.

"पैलवान, सात दिवसांत एकच वेढा?"

"लई चिवट हाय, बाई. म्या हिकडं वढतो, त्यो तिकडं वढतो."

"म्हणजे कुस्ती बरोबरीत सुटली म्हणायची."

"सुटली कुठं? चालू हाय अजून."

आई चुलीपासून ओरडली, "बाई, त्यो काडीला हातबी लावत न्हाई! दिसभर रस्त्याकडं बघत बसतो नुस्ता!"

बाईंनी ओठ दाबून धरले आणि मान खाली घालून पट्टी बांधली. असे मी सात बुधवार लांबवले. सोळा हात काय उगीच झाले?

बाईंना एकच ध्यास होता. बारवेच्या पायऱ्या बंद करा, रहाट बसवा, पाणी वरून काढा. नारूचा पाय पाण्यात पडला नाही की नारू संपला. पारावरची मंडळी माना डोलवत आणि करत काहीच नसत. स्वतः बाईंना तर पहिल्या पायरीवरही पाय ठेवायची मनाई. त्यांचं घराणं ख्रिस्ती होण्याआधी कुठल्या वस्तीतलं, हे गावाला पाठ होतं. आमची आईसुद्धा त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायची ते वरूनच.

तालमीतली पोरं माझ्या शब्दावर उठायची. एक हाक दिली असती तर काम झालं असतं. पण नारू संपल्यावर बुधवारी छकडं कशाला येईल? मी गप्प बसलो. जन्मात एवढा गप्प मी कधी बसलो नव्हतो.

मग वहिनीचा नारू तुटला. पेरणी तोंडावर आली म्हणून तिने घाईने ओढला. पाय सुजून मांडीपर्यंत टणक झाला. ती जमिनीवर बसून सरकत सरकत चुलीपर्यंत जायची. बाईंनी बुधवारी येऊन पू काढला, तेव्हा वहिनीने तोंडात पदर कोंबला होता. हात धुऊन बाई तडक बारवेकडे गेल्या. मी लंगडत मागे.

बारवेशेजारच्या पारावरच्यांना त्या म्हणाल्या, "माझे पाय तुम्हाला पायरीवर चालत नाहीत. बरं. पण पाणी माझ्या पायांनी नासलेलं नाही, तुमच्या पायांनी नासलंय. आता सगळ्यांचेच पाय बंद करा. तेवढ्यात तरी आपण सारखे होऊ."

मी खाली पाहिलं. बाईंचे धुळीने लाल झालेले बूट पहिल्या पायरीच्या बरोबर वीतभर अलीकडे थांबले होते. मला माझ्या काडीची लाज वाटली.

त्या दिवसापासून मी इमानाने वेढा दिला आणि पाय मोकळा होताच तालमीला हाक घातली. एका दिवसात तीनशे गाड्या दगड पडले, त्यांतले दोनशे मी एकट्याने टाकले. पायऱ्यांच्या तोंडावर भिंत उभी राहिली, वर रहाट कुरकुरायला लागला.

आधी पोटात गेलेले नारू पुढच्या उन्हाळ्यात निघाले. तेवढा उन्हाळा बाई आल्या. माझ्या पायात आता काही नव्हतं. मी त्यांची पेटी उचलून घरोघर हिंडायचो. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावात एकही नारू निघाला नाही, आणि बुधवार ओस पडले.

अशाच एका बुधवारी मी टळटळीत उन्हात रस्त्याला उभा होतो. छकडं आलं, थांबलं.

"काय पैलवान, गावात कोणी आहे का?"

त्यांचा हात पेटीच्या कडीवर होता. माझ्या जिभेवर दहा रोगी तयार होते, त्यांतले दोन तर अगदी मरायला टेकलेले.

"न्हाई बाई," मी म्हणालो. "समदे बरे हायेत."

"छान झालं." कडीवरचा हात काढून त्या म्हणाल्या, "पुढच्या गावात नऊ जण आहेत."

गाडीवानाने बैल हाकले. छकडं खिंडीआड जाण्याआधी त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. लोकांना मात्र मी सांगतो, दोनदा.