फरशीला लवता येत नाही

आमच्या इतवारीतल्या घराची माडी सागवानी फळ्यांची होती. खाली स्वयंपाकघर, वर एकच मोठी खोली. वर कोणी चाललं की फटींतून धूळ खाली गळायची आणि वर फडका ओला असला तर पाणीही. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं बायकोनं हे सोसलं. मग एके दिवशी मी जेवायला बसलो असता तिनं वरणाचं भांडं माझ्यापुढे तसंच धरलं.

"बघा. मी मोहरी घातली नव्हती."

माडीवर शहाबादी फरशी घालायचं त्या जेवणात ठरलं.

मी तेव्हा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. पदविका मिळून चार वर्षं झाली होती, म्हणजे सगळं येतं असं वाटण्याचं ते वय. रविवारी सकाळी मी फळ्यांखालचे वासे मोजले, फरशीचं वजन काढलं, चुन्याचं काढलं, वर कपाट आणि सहा माणसं धरली. हिशोब चोख बसला. वासे याच्या दुप्पट वजन सहज पेलतील, असं खाली अधोरेखित करून मी तो कागद वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा न लावताच "छान" म्हटलं.

फरशीसाठी कन्हानचा एक म्हातारा मिस्त्री बोलावला. त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. खोलीच्या मधोमध पाण्यानं काठोकाठ भरलेली थाळी ठेवली आणि मला म्हणाला, "साहेब, जरा इकडून तिकडे चाला जी."

मी चाललो. थाळीतलं पाणी हेलकावलं आणि सांडलं.

"नाही जमत," तो म्हणाला.

"काहून नाही जमत? वासे मोडणार नाहीत. हा हिशोब पाहा."

"मोडन असं कोण म्हणते? लाकूड लवते. वजन आलं की लवते, गेलं की उठते. त्याले चालते ते. पण फरशीले लवता येत नाही. आधी खालचं लाकूड नीट करा, मग मले बोलवा."

तो थाळी पुसून, चहा पिऊन निघून गेला. शिकलेल्या माणसाचा हिशोब खोडायला याला थाळी पुरते, याचा मला राग आला. मी जवळचाच दुसरा गवंडी आणला. त्याला माझा कागद फार आवडला. त्यानं फटींवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, त्यावर चुना ओतला आणि चार दिवसांत फरशी बसवून दिली. काळीशार, गुळगुळीत. शेजारपाजारचे लोक चपला काढून पाहायला आले. मी प्रत्येकाला हिशोब समजावून सांगितला.

पावसाळा सरेपर्यंत सांधे सुटू लागले. पोछा मारताना दोन फरशा पोकळ वाजायच्या. बायकोनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नवीन काम बसतंय."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोनं नवी फरशी दाखवायची म्हणून वरच बैठक मांडली. बावीस बायका आल्या. वाण लुटून झालं आणि सगळ्या एकदम उठल्या. खाली मी आणि वडील चहा घेत होतो. आधी वासे करकरले, मग वर खाट्कन आवाज झाला आणि वडिलांच्या कपात चुन्याचा बारीक भुगा पडला. त्यांनी कप शांतपणे खाली ठेवला.

"तुझ्या कागदात बायका धरल्या नव्हत्या का रे?"

वर दारापासून खिडकीपर्यंत सरळ तडा गेला होता. वासे मात्र शाबूत होते. माझा हिशोब बरोबर ठरला होता आणि फरशी फुटली होती.

पुढच्या रविवारी बस पकडून मी कन्हानला गेलो. वाटेत माफीची दोन-तीन वाक्यं जुळवली होती. मिस्त्री दारातच खाटेवर बसला होता. त्यानं मला पाहिलं आणि विचारलं, "किती फुटल्या?"

"नऊ."

"मले वाटलं पंधरा." एवढंच. जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

त्यानं सोबत ओळखीचा सुतार आणला. फरशी निघाली, फळ्या निघाल्या, तेव्हा दिसलं की दोन वाशांची भिंतीतली टोकं वाळवीनं खाल्ली होती. हिशोबात मी ती अखंड धरली होती. ते वासे बदलले, आणि दर दोन वाशांच्या मधोमध एकेक नवा टाकला. जुन्या फळ्या खिळ्यांऐवजी स्क्रूनं आवळल्या आणि त्यांवर नव्या आडव्या फळ्यांचा दुसरा थर द्यायचं ठरलं. नव्या फळ्या मात्र मिस्त्रीनं वरच्या खोलीत रचून ठेवायला लावल्या.

"महिनाभर राहू द्या. त्याईले या खोलीची सवय झाली पाहिजे."

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "मला तर एका दिवसात सवय करायला सांगितलं होतं."

दुसरा थर बसवताना भिंतीलगत बोटभर जागा मोकळी सोडायला त्यानं सांगितलं. मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाला, "पावसाळ्यात लाकूड फुगते. त्याले सरकाले जागा नको?" मग डांबरी कागद, त्यावर तारेची जाळी. आणि मग पुन्हा थाळी. या वेळी त्यानं मला चालायला नाही, उड्या मारायला लावलं. चार कोपऱ्यांत आणि मध्ये. सरकारी ओव्हरसियर स्वतःच्या माडीवर उड्या मारतो आहे, बायको दारात तोंडाला पदर लावून उभी आहे आणि खालून वडील ओरडून विचारताहेत, "काय चाललंय?"

"तपासणी!" मी ओरडलो.

पाणी थरथरलं, पण सांडलं नाही. मिस्त्रीनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून फरशी बसवायला घेतली.

ती फरशी पुढे कधी तडकली नाही. वरणात काही पडलं नाही. फक्त दुसऱ्या थरामुळे माडीची जमीन चांगली दोन इंच वर आली. दार खालून कापावं लागलं, आणि जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच झाली. हे मिस्त्रीच्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही. येणारा प्रत्येक पाहुणा तिथे ठेचकाळायचा आणि सावरताना खाली बघून म्हणायचा, "वा! फरशी सुंदर आहे हो."