दुरुस्तीचं भोक

गिरणी बंद पडली तेव्हा आमच्या ह्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. फिटर माणूस, घरी बसून बसून चिडका झाला. मला मात्र ड्राफ्टिंगच्या कोर्सच्या जोरावर राऊ रस्त्यावरच्या एका नव्या कंपनीत काम मिळालं. उदारीकरण म्हणतात ते आमच्या घरात असं आलं: बायको कामावर, नवरा ओट्यावर.

कामाचं नाव भारदस्त होतं, ऑन्टॉलॉजी. परदेशी यंत्रांच्या भागांची चित्रं कॉम्प्युटरवर काढून यायची. कॉम्प्युटरला गोल भोक दिसतं, पण ते बोल्टसाठी की तेलासाठी, हे त्याला कोण सांगणार? म्हणून आम्ही आकारांचे प्रकार ठरवायचे, त्यांची एकमेकांशी नाती लावायची आणि प्रत्येक आकारावर तशी खूण करायची. यंत्र हाताळलेला माणूस हवाच होता. साहेबांच्या मागे लागून मी ह्यांना महिनाभराच्या बोलीवर चिकटवलं. काम पसंत पडलं तर नोकरी पक्की होणार होती.

ह्यांनी हौसेने एक प्रकार स्वतःच वाढवला: दुरुस्तीचं भोक. गिरणीत भोक झिजलं की ते मोठं करून आत पितळी बुश, म्हणजे नळीसारखी कडी, बसवायचे. जुनाट माग असेच ठोकूनठाकून चालायचे. त्यामुळे बुश दिसला की हे दुरुस्तीची खूण करून मोकळे. इथे तर बुश मूळ आराखड्यातच होता. गिऱ्हाइकाने सगळं काम परत पाठवलं.

साहेब आमच्यासारखेच इकडच्या हिंदी मुलखातले मराठी, वयाने आमच्याहून लहान. "काकाजी, मशीन अजून बनलीच नाही, तर रिपेअर कुठून होणार?" ते म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पण साहेब, आज ना उद्या घिसणार ना? तेव्हा?" ह्यांनी विचारलं.

"तेव्हा फेकून देतील. नवा पार्ट लावतील. रिपेअरच्या झंझटीत कोण पडतो आता?"

दुसऱ्या दिवसापासून येऊ नका, असं ह्यांना सांगितलं. तो प्रकार काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं. ह्यांची एकेक खूण मी माझ्या हाताने पुसली.

त्या संध्याकाळी घरी जाताना टेम्पोत हे म्हणाले, "तुझी तर राहील ना नोकरी?" राहील म्हटलं. गिरणीच्या फाटकावर घसा फुटेस्तोवर घोषणा देणारा हा माणूस निघताना साहेबांना वाकून "थँक्यू" म्हणाला होता. हसणाऱ्या पोरांना मी केव्हाच माफ केलं. ते थँक्यू मात्र अजून गिळता येत नाही.