जराशी हवा

आमच्या प्रयोगशाळेत काचसामान धुणारे, सिलिंडर बदलणारे एक मामा आहेत. सिलिंडरवर टकटक करून आत नायट्रोजन किती उरलाय ते सांगतात, आणि काटा नंतर तेच दाखवतो. गंगापूरहून रोज एसटीनं येतात. कुठलंही बोलणं "ऐका ताई"नं सुरू करतात.

एका दुष्काळी वर्षी शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं आणि माझा प्रयोग रोज फसायचा. नायट्रोजन सोडून ऑक्सिजन कमी केलेल्या पेटीत ठेवलेल्या पेशी आपल्यातून सूक्ष्म पिशव्या जास्त सोडतात का, ते मला मोजायचं होतं. आकडा हलतच नव्हता. एका सकाळी लवकर गेले, तर मामा पेटीचं दार उघडून उभे!

"ऐका ताई," ते ओशाळले. "जीव हायेत ना ते? रोज जराशी हवा दाखवतो."

मी आधी ओरडले, मग हसतच सुटले. परत उघडलं जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःच दाराला सुतळी बांधली. तिसऱ्या दिवशी आकडा असा उसळला की मी नाचायचीच बाकी होते! पडद्यावर त्या पिशव्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या; मामा बघत राहिले.

"ऐका ताई. टँकर आला नाय की आमची गल्ली चहूकडं निरोप धाडती. हे पन निरोपच. पन पोचतात कुनाकडं?"

हे निरोप आता दुसऱ्या पेशींवर घालून बघायला हवे होते. दुसऱ्या दिवशी मी पळतच आले. भरपूर हवेच्या पेटीत मामांनी पेशींची एक डिश पुढं काढून ठेवली होती. झाकणावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: शेजारी.