धुक्यात उतरलेले मामाजी

आष्टीच्या बाजारात दिवेलागणीला देवळाच्या कळसावर पांढऱ्या उजेडाचा गोळा पडला, की सगळ्यांना कळायचं, मामाजींच्या दुकानात नवीन बॅटऱ्या आल्या. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते एकेक बॅटरी रस्त्यापलीकडच्या कळसावर रोखायचे. कळसाची कडा स्वच्छ दिसली तर माल पास, नाही तर परत. आरतीच्या वेळी देवाचे डोळे दिपतात, अशी पुजाऱ्यानं एकदा तक्रार केली. मामाजींनी त्यालाच एक बॅटरी भेट देऊन गप्प केलं.

नम्रपणा त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. "उजेड बोलते, दुकानदारानं चूप बसावं," असं म्हणायचे आणि मग अर्धा तास स्वतःच बोलायचे. कंपनीचा माणूस छापील कागद पुढे करून उजेड किती लांब जातो ते सांगू लागला, की त्याला म्हणत, "कागद तुमच्या साहेबाले दाखवा. मले कळस दाखवा." मी लग्न होऊन सेवाग्रामहून इथं आले तेव्हा मला हे सगळं नाटक वाटायचं. पण याच माणसानं मला वर्षभरात काउंटरवर बसवलं. बाजारात कुजबुज झाली, तर म्हणाले, "सून माही हाये, दुकान माहं हाये. तुमचं काय चाललं?" तेव्हापासून मी त्यांच्या बाजूची झाले.

मारोती हा धरणावर मासे धरणारा ढीवर, आमचं जुनं गिऱ्हाईक. संध्याकाळी जाळं टाकायचं आणि उजाडायच्या आत काढायचं, हा त्याचा धंदा. ऊन चढलं की जाळ्यातली मासळी मऊ पडते, मग बाजारात तिला कोणी हात लावत नाही. धरणात बुडालेल्या जुन्या झाडांचे खुंट अजून पाण्यात उभे आहेत, त्यामुळे नावेत चांगली बॅटरी लागतेच. मामाजींनी त्याला दुकानातली सगळ्यात दणकट, सगळ्यात लांब उजेड फेकणारी बॅटरी दिली. तिच्या उजेडात कळसच काय, कळसावरचा कावळासुद्धा दिसत होता.

पौषातल्या एका सकाळी मारोती हात गळ्यात बांधून दुकानात आला. सोबत त्याची बायको कमला होती. त्यानं बॅटरी हळूच काउंटरवर ठेवली.

"शेठजी, बॅटरी खराब नाई. पन धुक्यात लावली तं समोर पांढरी भिंतच उभी राह्यली. खुंट दिसलाच नाई."

नावेत कमलाही होती. नाव खुंटावर आदळून उलटली होती. उलट्या नावेला धरून दोघं तरंगत राहिले, म्हणून वाचले. कमलानं तिथंच सांगून टाकलं, की आता अंधारात ती त्याला पाण्यावर जाऊ देणार नाही, धंदा बसला तर बसू दे. मारोती खाली मान घालून ऐकत होता. जाळ्याशिवाय दुसरं काम त्याला येत नव्हतं.

त्यानं दोष दिला असता तर मामाजी भांडले असते, भांडणात ते पटाईत होते. पण त्यानं बॅटरी बदलून द्या असंही म्हटलं नाही. मामाजी बराच वेळ ती हातात फिरवत राहिले.

"मी कळस पाह्यत राह्यलो, अन् तू पान्यावर होता," ते म्हणाले. "हात बरा झाल्यावर मले नावेत बसव."

सासूबाईंनी डोक्याला हात लावला. मामाजींना पोहता येत नव्हतं. नदीवर आंघोळीला गेले तरी काठावर बसून लोट्यानं अंगावर पाणी घेणारा हा माणूस. घरात मासळीचं नाव काढलेलं चालत नसे, आणि आता हे मासळीच्या नावेत बसणार. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मामाजींनी तेवढ्या वेळात पिशवीभर वेगवेगळ्या बॅटऱ्या जमवल्या.

मारोतीचा हात बरा झाला तोवर माघ लागला होता, पण पहाटेचं धुकं होतंच. मी त्यांना स्कूटरवर धरणाच्या काठाशी नेलं. नाव जरा पुढे गेली आणि दिसेनाशी झाली. मग नुसते आवाज. मारोती त्यांना हलू नका म्हणत होता, मामाजी रामाचं नाव घेत होते. धुक्यात कधी पांढरा उजेड फुगायचा, कधी विझायचा. काठावर माझ्याशेजारी कमला उभी होती. मला फार भीती वाटत होती. बऱ्याच वेळानं पाण्यालगत एक पिवळसर पट्टा सरकताना दिसला आणि मामाजींचा आवाज आला, "दिसला! मारोती, तो पाह्य खुंट."

झालं होतं असं. मारोती नेहमी उभा राहून बॅटरी डोळ्यांजवळ धरायचा, मग धुक्यावर आपटलेला उजेड त्याच्याच डोळ्यांत यायचा. मामाजी भीतीनं नावेच्या तळाशी बसलेले, बॅटरीचा हात कडेवरून खाली लोंबलेला. त्यामुळे उजेड पाण्यालगत गेला. पिशवीतल्या सगळ्यांत पिवळसर, पसरट उजेडाची मध्यम बॅटरी सरस ठरली. ती पाण्यावर तरंगते हेही कळलं, कारण घाबरून त्यांच्या हातातून ती एकदा सुटली होती. ही गोष्ट मामाजींनी लपवली तर नाहीच, उलट बाजारभर सांगितली. "मी भेलो म्हनून खुंट दिसला," असं छाती काढून म्हणायचे.

दुसऱ्या पहाटे कमला स्वतः ती बॅटरी घेऊन नावेत बसली, खुंटांमधून फेरी मारून आली आणि मगच तिनं मारोतीला जाळं दिलं. तेव्हापासून मामाजींनी कळस सोडला. समोरच्या चहावाल्याच्या पातेल्यातून वाफ निघाली, की वाफेतून बॅटरी मारून बघायचे. चहावाला वैतागायचा. रानडुकरांपासून पीक राखायला रात्री जागलीला जाणाऱ्या शेतकऱ्याला लांब उजेडाची द्यायचे, पण ढीवरानं तीच मागितली तर सरळ नाही म्हणायचे. धरणाकाठच्या गावांतून लोक कंपनीचं नाव न घेता "शेठजीची बॅटरी" मागायला येऊ लागले.

मामाजी गेल्या हिवाळ्यात गेले. दुकान मी चालवते. परवा मारोती आला. आता कमलाचीही वेगळी नाव आहे, तिच्यासाठी बॅटरी हवी होती. मी नवीन आलेली काढली, वाफेतून दाखवली, तरंगते हे बादलीत टाकून दाखवलं. त्यानं नीट पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, हे तुमी धुक्यात पान्यावर नेली का?"

नाही म्हटलं.

"मंग राहू द्या. नेल्यावर सांगजा, तवा घेतो."

आणि तो रिकाम्या हातानं निघून गेला. गिऱ्हाईक परत गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. असं विचारायची सवय लोकांना माझ्या सासऱ्यानं लावली होती.

मलाही पोहता येत नाही. आज पहाटेच्या धुक्यात मी पदर खोचला, ती नवीन बॅटरी घेतली आणि कमलाच्या नावेत तळाशी जाऊन बसले.