राखलेली खुर्ची

त्याला सगळे अस्वलकाका म्हणतात. अंगावर केस आहेत म्हणून नव्हे. ते तर डोक्यावरसुद्धा आता नावालाच उरलेत. धंदा सोफे-खुर्च्या मढवून देण्याचा. दुकानात शिरलं की आधी काथ्याची धूळ नाकात जाते, मग ओठांत खिळे धरून ठोकत बसलेला तो दिसतो. खिळे तोंडात असताना त्याला बोलता येत नाही. बायको म्हणते, घराला तेवढीच विश्रांती.

नाव पडलं ते गोष्टीमुळे. लहानपणी घरात गोष्टीचं एकच पुस्तक होतं आणि त्याला अजून वाचता येत नव्हतं. थोरला भाऊ त्याला शेजारी घेऊन वाचायचा, अस्वलाचा घोगरा आवाज काढून. राज्यावर कायमची रात्र पडलेली, राजा परागंदा, आणि जंगलाच्या टोकाला अस्वलाची सराई. राजा परत येईल तेव्हा त्याला बसायला अस्वल एक खुर्ची राखून ठेवतं, आणि वाट बघताबघता एकेक करून चार दिवे लावतं. पुस्तकाची पानं कधीच सुटून गेली. गोष्ट तेवढी राहिली.

चर्चमध्येही नाताळच्या आधी, आगमनकाळात, दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढत जाते आणि चौथ्या मेणबत्तीनंतर येणारा येतो. हा मेळ अस्वलकाकाच्या डोक्यात बसला आणि तो फादरकडे गेला. फादर जरा घुटमळले, मग म्हणाले, अस्वल चालेल, पण प्रार्थना आधी. तेव्हापासून दर वर्षी चर्चच्या मागच्या खोलीत पोरं जमतात. मेणबत्ती पेटते, गोष्ट एक दिवा पुढे सरकते. दाराशी एक खुर्ची रिकामी असते. तिच्यावर बसायचं नाही हे रांगतं पोरसुद्धा जाणून असतं.

यंदा त्याने ती खुर्ची नव्याने मढवली. खालचे पट्टे ताणून ठोकले, स्प्रिंगा सुतळीने बांधल्या, वर दुधी रंगाची मखमल चढवली आणि कडेचा गोट वाकड्या सुईने हाताने शिवला. घरातल्या खुर्चीचा काथ्या बाहेर लोंबतोय तो दिसत नाही, असं बायको म्हणाली. त्याने खिळे तोंडात घेतले.

तिसऱ्या रविवारी थोरला आला. थोरला गॅरेजमध्ये मेकॅनिक. शाळा अर्ध्यावर सोडून तिथे लागला, म्हणून धाकट्याला धड शिकता आलं, हे घरात कुणी बोलून दाखवत नाही. अस्वलकाकाच्या मुलीने त्याला दहादा बजावलं होतं, मोठे काका, या वर्षी गोष्टीला यायचंच. कामावरून निघायला उशीर झाला, तसाच आला. खोलीत अंधार, मेणबत्त्या लांब टेबलावर. दाराशी हाताला लागली ती खुर्ची, तिच्यावर टेकला.

गोष्ट नेमकी अशा ठिकाणी होती, की भिजलेला कोल्हा सराईत येतो आणि अस्वल त्याला खुर्चीवरून उठवतं, ही राखलेली आहे म्हणून. अस्वलकाकाने मान वर केली. दुधी मखमलीवर ऑइलने काळी झालेली पँट दिसली.

"दादा, ऊठ. कापडाला डाग पडेल."

पोरं खदखदून हसली. त्यांना तो गोष्टीतलाच भाग वाटला. थोरलाही हसला, उठला, पँटचं बूड झटकलं आणि दाराशी काढलेल्या चपला जरा सरकवून जमिनीवर बसला. शेवटपर्यंत बसला. जाताना पुतणीच्या डोक्याला हात लावायला गेला आणि आपला हात बघून मागे घेतला.

राखलेली आहे असं म्हणाला असता, तरी निभावलं असतं. अस्वलकाका कापडाचं बोलला होता.

पोरं गेल्यावर त्याने दिवा लावून मखमल तपासली. पांढरा रुमाल ओला करून घासला. रुमाल पांढराच राहिला. एखादा डाग सापडला असता तर बरं, असं त्याला वाटलं, आणि त्याची आणखीच लाज वाटली. बायको दारातून बघत होती. "नाही ना पडला डाग?" ती म्हणाली. "झालं तर मग." मुलगी आठवडाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

शुक्रवारी दुकान बंद करून तो गॅरेजवर गेला. थोरल्याचे नुसते पाय गाडीखालून बाहेर आले होते. त्या पायांशी बोलणं त्याला सोपं वाटलं, पण माफीचा शब्द काही ओठावर येईना. तिथे खिळे नव्हते तरी. मखमल साधी आहे, धुता येते, असलंच काहीतरी तो बरळला. गाडीखालून आवाज आला, की जमिनीवर पाठ सरळ राहते, त्याचं काय एवढं. पाना पुढे कर जरा. त्याने पाना दिला. रविवारी ये, शेवटचा भाग आहे, एवढंच तो म्हणू शकला.

चौथ्या रविवारी थोरला वेळेवर आला. केस विंचरलेले, शर्टाला कडक इस्त्री, नखांच्या कडासुद्धा ब्रशने घासून लाल झालेल्या. अस्वलकाकाने पुढे होऊन खुर्ची दाखवली. "दादा, इथे बस. तुझीच आहे."

थोरल्याने काखेतली घडी उलगडली. गाडी दुरुस्तीला आली की गिऱ्हाइकाच्या सीटवर घालतात तो पारदर्शक प्लास्टिकचा कागद होता. मखमलीवर त्याने तो नीट अंथरला, कोपरे खोचले आणि मग बसला. चेहऱ्यावर टोमणा नव्हता. काम चोख करणारा माणूस करतो तसं त्याने ते केलं होतं.

"काढ ना ते," अस्वलकाका हळूच म्हणाला.

"असू दे रे. सवय आहे. तू चालू कर, पोरं खोळंबलीत."

त्याने चौथी मेणबत्ती पेटवली. शेवटच्या भागात अस्वलाला झोप अनावर होते आणि ते स्वतःच त्या राखलेल्या खुर्चीत पेंगतं. राजा येतो तेव्हा खुर्ची भरलेली असते. अस्वलाला न उठवता राजा दाराशी जमिनीवर बसून राहतो. दर वर्षी या जागी पोरं हसतात.

अस्वलकाका तिथवर आला आणि थांबला. राजा, म्हणाला, राजा मग. पोरं वाट बघू लागली. कुणीतरी पुटपुटलं, काका विसरले.

"राजा मग जमिनीवर बसला," दाराकडून घोगरा आवाज आला. अस्वलाचा, लहानपणी काढायचा तोच. पोरं हसली, थोरलाही हसला, आणि तो हसला तसं त्याच्याखाली प्लास्टिक सळसळलं. पुढची गोष्ट अस्वलकाकाने जमिनीकडे बघत सांगितली.