मोटारखान्याची पांढरी फरशी

"पाणी टाकून पाहा," हे आमच्या शेजारच्या डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर. नवं मडकं आणलं, पाणी टाकून पाहा. छत्री घेतली, पाणी टाकून पाहा. तुमच्याही आळीत असा एखादा असेलच, ज्याच्या एकाच वाक्यावर सगळे हसतात.

सेलूत तेव्हा मोटार असलेली माणसं थोडी. डॉक्टरांनी मोटारखाना बांधला आणि त्यात म्हणे फरशी बसवणार! भल्याभल्यांच्या माजघरात शेणाचं सारवण असताना मोटारीचे हे लाड बघून माझी जीभ गप्प बसेना. डॉक्टरांच्या बायकोला मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या स्वैपाकघरात पोतेरं अन् मोटारीला राजवाडा?" त्या नुसत्या हसल्या आणि लोणच्याचं विचारू लागल्या.

नागपूरहून फरश्यांचे नमुने आले. मला लाल फुलांची फरशी फार आवडली होती. डॉक्टरांनी एकेकीवर तांब्याभर पाणी ओतलं, बराच वेळ न्याहाळलं आणि निवडली साधी पांढरी.

"अहो, हिच्यावर बारीकसा डागही दिसेल," मी म्हटलं.

"दिसलाच पाहिजे. फुलांत घाण लपते."

गवंड्यानं काळी माती उपसली, मुरूम ठोकून बसवला, वर फरशी घातली. डॉक्टरांनी घागर ओतली. एका कोपऱ्यात पाणी साचलं. तो कोपरा पुन्हा उखडायला लावला, तेव्हा गवंडी वैतागला. "मोटार काय आंघोळ करून राह्यली का इथं?"

मोटार आत गेलीच नाही. ती निंबाखाली उभी राहिली आणि आत लोखंडी खाट आली. खेड्यांतल्या अडलेल्या बाया डॉक्टर मोटारीतून आणत, पण दवाखान्याची पायरी चढायला कोणी तयार नसे. दवाखान्यात माणूस मरायलाच जातं, अशी समजूत. मोटारखान्यात उतरायला मात्र कोणाची ना नव्हती.

पहिली आली ती एका म्हातारीची सून. कळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या, म्हणून डॉक्टर हत्यारं उकळून आणायला दवाखान्यात गेले. तेवढ्यात म्हातारीनं आमच्या गोठ्यातून शेण नेलं आणि खाटेभोवतीची सगळी फरशी सारवून काढली. बाळंतिणीची जागा न सारवता कशी ठेवायची? ते पाहून वहिनी उंबऱ्यातच मटकन बसल्या.

डॉक्टर आले. मला वाटलं, आता म्हातारीची धडगत नाही. त्यांनी बॅग ठेवली आणि तिच्याजवळ उकिडवे बसले.

"आजी, हात लय सफाईचा हाये तुमचा. पण हे धुवा लागते."

"काऊन? शेण काय वाईट असते?"

"माही पहिली पोरगी झाली, तवा माह्या मायनं खोली अशीच सारवली होती. तुमच्यासारखीच, मायेनं. शेणातून पोरीले धनुर्वात झाला. बारसंबी नाई झालं तिचं." मग हळूच म्हणाले, "मायले मी हे कधी सांगतलं नाई."

शेजारी राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हातारी वहिनींकडे पाहत राहिली. मग तिनं लुगडं खोचलं आणि खराटा उचलला. गरम पाणी आणि फिनेल घेऊन तिनं आणि डॉक्टरांनी सगळी फरशी घासून काढली.

नात झाली. तिचं बारसं म्हातारीनं हट्टानं तिथंच केलं, आणि पाळण्याची दोरी वहिनींच्या हातात दिली. वहिनींना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढे दोन-चार वर्षांनी डॉक्टर गेले. रोगी तपासता तपासता खुर्चीतच गेले. त्यांना घरी आणायचं म्हणून आळीतल्या बाया शेणाची पाटी घेऊन ओसरी सारवायला निघाल्या. आपल्याकडे गेलेल्या माणसाला सारवलेल्या भुईवर ठेवतात. बातमी ऐकून म्हातारीही नातीचं बोट धरून आली होती. म्हातारी आडवी आली.

"थांबा वं. त्याईले नाई चालत ते."

वहिनींनी मान हलवली. म्हातारीनं मोटारखाना उघडला, खाट बाहेर काढायला लावली आणि घागरीमागून घागरी ओतत, वाकून सगळी फरशी धुतली. डॉक्टरांना आम्ही तिथं ठेवलं.

पाणी एकाही कोपऱ्यात साचलं नव्हतं.